रविवारचे कांडण

रविवार, ५ जुलै १९३१
पोलादपूर, नदीकडची वाडी

आज आमच्या प्रार्थनाघराला कुलूप लागले. कुलूप खोताचे, कडी मी बसवलेली.

सकाळी घंटा वाजवायला गेलो. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. वाडीतल्या सहदेवाने मुंबईहून आणला, तो मी जांभळीला साखळीने टांगला आहे. तर दारात खोताचा कारभारी मालोजी छत्री घेऊन उभा.

"हैबत्या, आजपासनं हितं खोताची वैरण राहनार."

मी म्हणालो, "मला मिस्त्री म्हणतात. आणि हे देवाचं घर आहे."

"जागा खोताची, जांभूळ खोताची, तिची सावलीबी खोताचीच. तुजं काय हाय रे हितं?"

माझे काय आहे ते लिहून ठेवतो. चारही खांब ऐनाच्या लाकडाचे, बुडाला डांबर दिलेले. कुडाच्या भिंती माझ्या बायकोने, बनूने, दोनदा सारवलेल्या. दार सागाचे, त्यात एकही खिळा नाही, सगळी सांध्याची जोडणी. सुतारांत मी जन्मलो नाही. माणगावच्या एका सुताराचे काम कुंपणाबाहेरून बघत शिकलो, कारण आत तो घेत नव्हता. वाचायलाही तसाच शिकलो, महाडच्या दुकानांवरच्या पाट्या वाचून. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनचे साहेब म्हणाले, नाव अब्राहाम ठेवू. मी म्हणालो, देवाला हैबती म्हणता येत नसेल तर मी त्याला शिकवीन.

मालोजीने हुकूम सगळ्यांना ऐकवला. वाडीतली सगळी घरे खोताच्या जागेत आहेत. "कामाधंद्याला खुशाल जमा. पन पुस्तक घेऊन, टाळ घेऊन, भजनाला एका घरात बसलेलं दिसलात, तर ते घर त्याच दिवशी उठंल. पाऊस हाय का ऊन, बघनार नाय."

चवदार तळ्याचे प्रकरण झाल्यापासून आमच्यातली चार माणसे एकत्र दिसली की खोताला बंड दिसते. आम्ही येशूचे नाव घ्यायला जमतो की आणखी कशाला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

मी कुलपासमोर पावसात उभा राहून स्तोत्र वाचले. वर बघितले तर म्हातारा सोनबा आणि बनू, एवढीच माणसे उरली होती. बाकीची मंडळी घरी गेली. भित्री.

मंगळवार, ७ जुलै

एकेक जण येऊन कारणे सांगतो आहे. सहदेव म्हणाला, "मिस्त्री, टाइम खराब हाय. थोडा दम धरा." मुंबईच्या गिरणीत दोन वर्षे राहून आला तर दम धरायला शिकला!

ठकूबाई विधवा आहे, पदरी तीन पोरे. तिने सरळ सांगितले, "बाबा, माजं घर उठलं तर भर पावसात पोरं कुनाच्या वळचणीला न्येऊ? तुमी सुतार हाव, कुटंबी चार खांब उभं कराल."

मी म्हणालो, "पहिल्या शिष्यांना सिंहांपुढे टाकलं, ठकूबाई."

"त्यांना पोरं व्हती का?"

हे मला माहीत नव्हते.

शनिवार, ११ जुलै

महाडला जाऊन मिशनच्या साहेबांना भेटलो. जाताना सावित्री दुथडी भरलेली, येताना तर सडकेवर पाणी.

साहेबांनी खुर्ची दिली. खुर्ची डुगडुगत होती. एक पाय आखूड, सांध्यात ओल शिरलेली. बोलणे होईपर्यंत मी उलटी करून पाचर मारली. साहेब चांगला माणूस आहे, पण आपली खुर्ची डुगडुगते हे त्याला कळत नाही.

ते म्हणाले, खोताशी कोर्टात भांडणे मिशनला जमणार नाही. पावसाळा संपेपर्यंत तुम्ही सगळे रविवारी महाडच्या मिशनच्या देवळात या. आणि येणे जमत नसेल, तर नाताळापर्यंत बघू. तोवर पोलादपूरची मंडळी महाडच्या मंडळीत धरू.

म्हणजे पोलादपुरात उपासना होते, हे वाक्यच मिशनच्या वहीतून पुसायचे.

मी विचारले, "साहेब, पुरातून लेकुरवाळ्या बायका नऊ कोस येऊन-जाऊन करणार का?"

"प्रार्थना मनातही होते, हैबती."

"मनात होते ती माझी एकट्याची. मंडळीची मनात कशी होईल? मंडळी माझ्या मनात मावत नाही."

साहेब हसले. मी हसलो नाही. ठरवून टाकले आहे: रविवार, सकाळ, आणि तेच दार. कुलूप असले म्हणून दाराचे दारपण जात नाही.

रविवार, १२ जुलै

घंटा वाजवली. फक्त सोनबा आला. बनू म्हणाली, घरातनंच ऐकते, तुमचा आवाज येतो. खोकत खोकत उभा राहिला. छत्री नव्हती म्हणून पानांचे इरले पांघरून आला होता, ते अर्धे माझ्यावर धरले.

मी दरबाराला जावे तसा धुतलेला कोट घालून गेलो होतो. तुरुंगात बेड्या घालून टाकलेले दोन प्रेषित रात्री गात होते आणि दारे आपोआप उघडली, ती गोष्ट वाचली. मोठ्याने वाचली, म्हणजे कुलपालाही ऐकू जावी.

वाचत असताना ठकूबाईच्या पडवीतून कांडणाचा आवाज येऊ लागला. धप्, धप्. एक मुसळ नव्हे, दोन-तीन. शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी! प्रार्थनेच्या वेळी! प्रार्थनेला यायला भीती वाटते, आणि भात कांडायला वाटत नाही.

सोनबाला म्हटले, "ऐकतोस ना?"

"ऐकतो," म्हणाला, आणि इरल्यातून बाहेर बघत राहिला.

शुक्रवार, १७ जुलै

ठकूबाई मुसळ करून मागायला आली. म्हणाली, "जुनं झिजलं. जड करा. आनि झालं तर दोन करा." मी तिच्याशी बोलणार नव्हतो, पण काम आले तर काम करायचे. खैराचे लाकूड घेतले. बनू म्हणाली, ठकूबाईकडून काही घेऊ नका. मी घेणारही नव्हतो. पण मला न विचारता दानधर्म ठरवायची तिला सवय लागली आहे.

बनूत मात्र एक चांगला बदल आहे. परवापासून रोज जेवताना विचारते, रविवारी काय वाचनार? वाचून दाखवले की म्हणते, पुन्यांदा वाचा, माज्या डोक्यात राहत नाय. मग पाठीमागून म्हणते. एखादा शब्द चुकली तर मी दुरुस्त करतो. लग्नाला इतकी वर्षे झाली, शेवटी हिला शास्त्राची गोडी लागली. एकट्याने उभे राहिल्याचे फळ निदान घरात तरी दिसते आहे.

रविवार, २६ जुलै

मागच्या रविवारी पावसाने नदी वाडीच्या बांधाला लागली होती, तरी मी गेलो होतो. आज ऊन पडले होते, तरी सोनबा आला नाही.

एकटाच होतो. घंटा वाजवली आणि स्वतःलाच "बसा" म्हणालो.

मालोजी सडकेवरून जात होता. थांबून बघत राहिला. "काय मिस्त्री, कळप कुठं गेला?"

"कळपाचा मालक जाणे. मी नुसता दाराशी उभा आहे."

"तुजा सोनबा ठकीच्या पडवीत सूप घेऊन बसलाय. बायकांत पाखडतोय." खो खो हसला. "आमचे खोत म्हनत व्हते, लोक सुधारलं. कामाला लागलं. तू एकटाच येडा राहिलास."

सोनबाला म्हातारपणी काय झाले आहे? पंचेचाळीस वर्षे भजनात वीणा हातात धरलेला माणूस, आणि आज सूप!

मी उभ्यानेच सगळी उपासना केली. आरंभीची प्रार्थना, स्तोत्र, पाठ, उपदेश, समाप्तीची प्रार्थना. काही गाळले नाही. उपदेश जरा तिखट झाला, पण ऐकायला मीच होतो.

बुधवार, २९ जुलै

काम करताना एकच विचार डोक्यात फिरतो आहे. तो लिहितो, म्हणजे नीट बघता येईल.

वाडीत कोणाच्याही कणगीत या दिवसांत भात नसतो. लावणी नुकतीच झाली. मागचे पीक होळीच्या आतच संपते. पुढे नाचणी, वरी, आणि तेही संपले की कंदमुळे. माझ्याकडे थोडे भात आहे, कारण मला कामाचे मोल धान्यात मिळते. ठकूबाईकडे कुठून आले? रविवारी सकाळभर तीन-तीन मुसळे चालतात, इतके भात कुठून?

एकच जागा आहे जिथे इतके भात असते. खोताचे कोठार.

आता सगळे जुळते. कोणी प्रार्थनेला येऊ नये म्हणून खोत त्यांना भात देतो. आणि कांडायचे कधी, तर नेमके माझ्या घंटेच्या वेळी, म्हणजे मला ऐकू यावे.

वाटते, की तसे नसावे. पण वाटणे आणि हिशेब यांत मी हिशेब धरतो.

रविवार, २ ऑगस्ट

आज बनूही गेली. पदर खोचून, रिकामे सूप घेऊन. मी कोट घालत होतो. विचारले, "कुठं?"

"ठकूबाईकडं. कांडाया."

मग जे झाले ते लिहायला नको वाटते, पण खरे ते लिहायचे हा माझा नियम आहे. मी तिला म्हणालो की खोताच्या भातावर विकल्या गेलेल्या बायकांत तुला बसायचे असेल, तर तिथला एक दाणा माझ्या चुलीवर चढता कामा नये.

तिने सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "खोताचं भात?" आणि चक्क हसू लागली. हसता हसता डोळ्याला पदर लावला. "अवं, लाकडावर बोट वाजवून आत कीड हाय का नाय ते सांगता तुमी. कान हायत ना तुमाला? मंग जरा कान द्या."

"सरळ सांग काय ते."

"सांगितलं तर तुमी याल, नि पयला उपदेश कराल. तुमचा आवाज नदीपल्याड जातो. घर उठंल तिचं."

हे बोलून गेली. मला काही समजले नाही. माझा आवाज मोठा आहे हे खरे. प्रार्थनाघरात मागे बसलेल्याला ऐकू जावे म्हणून मीच तो तसा केला आहे. यात गुन्हा काय?

दाराशी उभा राहिलो. वाचनात मन लागले नाही.

गुरुवार, १३ ऑगस्ट

गेल्या रविवारी बनूने सांगितल्याप्रमाणे कान दिला. आणि एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की मुसळाचा आवाज चुकतो आहे.

भात भरलेल्या उखळात मुसळ पडले की आवाज भरीव येतो, खाली दाण्याचा दाब असतो. हा आवाज पोकळ, फुसका. मुसळे माझी. खैर चांगला वाळलेला होता, लोखंडी कडे मीच तापवून बसवले. आत चीर गेली असेल तर माझ्या हाताला डाग. महाडात माझ्या कामाला कोणी नाव ठेवत नाही, ते ठकूबाईच्या पडवीत ठेवले जावे, हे मला चालणार नाही.

त्यांचा-माझा बोलण्याचा संबंध नाही. पण काम बघायला जाणे हा वेगळा विषय आहे. रविवारी दाराशी उपासना थोडक्यात आटोपून जाईन. सोबत आपल्या घरचे पायलीभर भात नेईन. माझ्याच भातावर माझे मुसळ वाजवून बघायचे, म्हणजे दोष लाकडाचा की उखळाचा ते कळेल.

रविवार, १६ ऑगस्ट

सावकाश लिहितो. हात दुखतो आहे, पण आजचे आजच लिहिले पाहिजे.

भाताची पिशवी काखेत मारून ठकूबाईच्या मागच्या दाराने गेलो. आवाज न करता गेलो, कारण मुसळ चालू असतानाच ऐकायचे होते.

पडवीत दोन उखळे. एकावर ठकूबाई आणि सहदेवाची बायको चंद्रभागा, दुसऱ्यावर आणखी दोघी, आळीपाळीने मुसळ मारत. बाकीच्या भिंतीशी सुपे घेऊन. सहदेव दोर वळत होता. सोनबा सूप मांडीवर घेऊन बोटांनी त्याच्यावर ताल धरून बसला होता. वाडीतले झाडून सगळे होते. आणि मुसळाच्या ठेक्यावर, सडकेवर कांडणाचीच ओवी वाटेल अशा चालीत, बाया म्हणत होत्या:

बेडीवानी बेडी, बाई, बेडी गळून पडली,
येसूराजाच्या नावानं कडी दाराची निघाली.

माझा पाठ. बारा जुलैचा. कुलपासमोर वाचलेला.

मग ओवी थांबली, मुसळे चालू राहिली, आणि त्या धपधपीच्या आत बनू हळू आवाजात या बुधवारी मी जेवताना वाचलेले म्हणू लागली. शब्द न् शब्द. मी जिथे दुरुस्त केले होते, तिथे दुरुस्त. तिचे झाल्यावर ठकूबाईने मुसळ न थांबवता प्रार्थना केली. आजाऱ्यांची नावे घेतली, मुंबईला गेलेल्यांची घेतली. शेवटी म्हणाली, "आनि आमचा मिस्त्री दाराशी एकटा उभा ऱ्हातो, त्याच्या छातीला पाऊस बाधू नको देऊ." सगळ्यांनी आमेन म्हटले. मुसळाच्या एका ठोक्याखाली.

मी उखळात बघितले. आत भात नव्हतेच. नुसते तूस होते. एकही दाणा नाही. तेच तूस दर रविवारी कांडून त्याची माती झाली होती.

कोणीतरी मला पाहिले आणि मुसळे थांबली. सगळे माझ्याकडे बघत राहिले. खोताच्या माणसाकडे बघावे तसे माझ्याकडे बघत राहिले, हे मी लिहून ठेवतो.

शांतता झाली तोच सडकेवरून मालोजी ओरडला, "का गो ठके, थांबलीस का? संपलं भात?" आणि छत्री मिटल्याचा आवाज. तो अंगणात येत होता. दर रविवारी बाहेरून आवाज ऐकून जायचा, आज आवाज थांबला म्हणून आत येत होता.

ठकूबाईचा चेहरा तुसासारखा झाला. उखळात वाकून बघितले असते तर सगळे संपले होते. तूस कांडायला कोण जमते?

मी पिशवी दोन्ही उखळांत अर्धी-अर्धी ओतली. सगळी. दाणे तुसावर पसरले. ठकूबाईच्या हातातले मुसळ घेतले आणि हाणले. आवाज भरीव आला. मुसळात काहीच दोष नव्हता.

मालोजी पडवीच्या पायरीवर आला आणि जागीच थांबला. माझ्याकडे बघितले, मुसळाकडे बघितले, आणि असा हसला की त्याला खांब धरावा लागला. "अगो बाय! मिस्त्री कांडतोय! पोलादपूरच्या बाजारात सांगतो आता. सोनबा पाखडतो नि हैबत्या कांडतो! बांगड्या कुठं हायत रे तुज्या?"

मी थांबलो नाही. म्हणालो, "मालोजीराव, कामाला जमायला मोकळीक आहे, हा तुमच्या मालकाचा हुकूम. त्यांना सांगा, हैबती मिस्त्री हुकमाबाहेर नाही. येत्या रविवारी कांडेन, त्याच्या पुढच्याही रविवारी कांडेन. तुमची छत्री गळतेय ती घेऊन या, कांडता कांडता नीट करून देईन."

"आनि दाराशी उभा ऱ्हायचास ते?"

"दारामागे वैरण आहे. वैरणीला मी पुष्कळ वाचून दाखवलं."

त्याने उखळात डोकावले. भात बघितले. "कुनाचं भात?"

"माझं. सुतारकीचं. खोताचा त्यात दाणा नाही." हे शेवटचे वाक्य मी बोललो तेव्हा बनू माझ्याकडे बघत होती. मी मुसळाकडे बघितले.

तो हसत हसत गेला. सडकेवर वळेपर्यंत ऐकू येत होता. एवढा हसला की पडवीत झाडून सगळी वाडी का आहे, हे विचारायचे विसरला.

मग सोनबाने सुपावर बोटे टेकवली आणि विचारले, "मिस्त्री, उपदेश करता?"

मी म्हणालो, नको. हात गुंतले आहेत.

कांडून झालेल्या तांदळाची ठकूबाईने तिथेच पेज केली. पोरांसकट सगळ्यांना वाटीवाटी पोचली. याला प्रभुभोजन म्हणता येणार नाही. पाळक नव्हते, विधी झाला नाही, द्राक्षरस नव्हता. मी नुसते एवढेच लिहितो की वाटी हातात आल्यावर सगळे थांबले, आणि कोणी सांगितले नसताना थांबले.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

बाजारात पोरे मला बघून मुसळ मारायची नक्कल करतात. वाण्याने विचारले, "मिस्त्री, आमच्याकडं थोडं भात हाय, कांडून देता?" मी म्हणालो, रविवारी नदीकडच्या वाडीत पाठवून द्या, कांडून मिळेल. तो चपापला. पण पाठवणार, असे दिसते. पाठवले तर बरेच, तूस कांडण्यापेक्षा भात कांडावे. तुसाने लाकूड लवकर झिजते.

साहेबांना निरोप धाडला: पोलादपूरची मंडळी महाडात धरू नये. उपासना रविवारी सकाळी, वाडीतच होते. कशी होते ते सांगण्यासारखे नाही. येऊन ऐकावे, पण घोड्यावरून येऊ नये आणि टोपी घालून येऊ नये.

ओवीतली दुसरी ओळ ठेक्यात बसत नाही. 'निघाली'वर मुसळ उशिरा पडते. बनूला सांगितले. ती म्हणाली, "तुमी म्हना मंग." म्हणून बघितले. माझ्याही उशिरा पडले.

ठकूबाईला काही बोलायला हवे, असे बनूचे म्हणणे आहे. मी बोललो नाही. तिच्या पडवीचा एक खांब वाळवीने खाल्लेला होता, तो काढून ऐनाचा बसवून दिला. बुडाला डांबर दिले. तिने बघितले आणि म्हणाली, "प्रार्थनाघराला हाय तसाच की ओ."

"तसाच आहे," मी म्हणालो. "बाकीचे तीनही बदलतो."

संध्याकाळी नवे मुसळ तासायला घेतले. बायकांची मुसळे मला आखूड पडतात, कंबर धरते. हे माझ्या उंचीचे करतो आहे.